पांदणीच्या वाटेने

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानांपैकी एका व्याख्यानाचे लेखरूप)



शताब्दीच्या निमित्ताने बोलण्याचे निमंत्रण मला आले, तेव्हा चिटणीसांची साहजिकच अशी अपेक्षा होती की, मराठी शिकविणारा मनुष्य संतवाङ्मयावर बोलेल, निदान नवकथेवर तरी बोलेल. मी विषय कळविला तो 'सायकल' असा. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "सर, चिठ्ठीत काही लिहिताना चुकलं काय जी?" चुकले नव्हते. ज्या सायकलीविषयी मी बोलणार आहे, तिच्या कॅरियरवर बहुतेक वेळा याच ग्रंथालयाची दोन-तीन पुस्तके बांधलेली असत. म्हणून तिला या सभागृहात येण्याचा थोडा अधिकार आहे, असे मी मानतो.

सायकलीवरून कोठे तरी पोहोचणे वेगळे आणि सायकलीवरून नुसते फिरणे वेगळे. पहिल्या प्रकाराचा अनुभव आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आहे. शाळेला, बाजाराला, स्टेशनला, लग्नाच्या पत्रिका वाटायला आपण सायकलीवरूनच गेलो. दुसरा प्रकार आपल्याकडे अजूनही संशयास्पद समजला जातो. रविवारी सकाळी एखादा प्राध्यापक धुऱ्याच्या कडेला सायकल टेकवून बाभळीखाली बसलेला दिसला, तर येणारा-जाणारा हमखास विचारतो, "काय झालं जी सर, पंक्चर काय?" काही झाले नाही, सहज बसलो आहे, असे उत्तर दिले की त्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटते. त्यामुळे आता मी "हो, हवा कमी वाटते" असे सांगतो. दोघांचेही समाधान होते.

या फिरण्याला आपला मुलूख किती अनुकूल आहे, याची जाणीव आपल्याला क्वचितच असते. इंग्रजांच्या काळातील गॅझेटियरात छिंदवाडा जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग सांगितले आहेत. सातपुड्याच्या माथ्यावरचा तो बालाघाट आणि घाटाच्या पायथ्याशी दक्षिणेकडे पसरलेला सखल प्रदेश तो जेरघाट. 'जेर' हा फारसी शब्द, अर्थ 'खालचा'. सौंसर या जेरघाटात येते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि सौंसर व पांढुर्णा हे दोन्ही तालुके छिंदवाड्यातून निघून त्यात आले. प्रशासनाने ही रेघ आता ओढली, पण जमिनीने ती फार पूर्वीच ओढलेली होती. छिंदवाड्याहून येताना सिल्लेवानीचा घाट उतरला की हवा बदलते, मातीचा रंग काळा होतो, आणि कानांवर पडणारी भाषाही बदलते. रामाकोन्याला कन्हान ओलांडली की पुढे सारी कापसाची, तुरीची आणि संत्र्याची जमीन.

ही जमीन सपाट आहे असे आपण म्हणतो. मोटारीतून पाहणाऱ्याला ती तशीच वाटते. सायकलीच्या पायडलाला मात्र ठाऊक असते की प्रत्येक नाल्यापाशी रस्ता हलकेच खाली जातो आणि पलीकडे तितकाच वर येतो. हा चढ डोळ्यांना दिसत नाही, गुडघ्यांना कळतो. जाम नदीकडे जाताना आपण विनासायास चाललो आहोत, आपली प्रकृती सुधारली आहे, असा भ्रम होतो. परतताना त्याचे निराकरण होते.

आता पांदणीविषयी. पश्चिम महाराष्ट्रात 'पाणंद' म्हणतात, आपल्याकडे 'पांदण'. दोन्ही बाजूंना शेतांचे धुरे, त्यांवर बाभळी, बोरी, निंब आणि घाणेरीची झुडपे, मध्ये बंडीच्या चाकांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या आणि त्या चाकोऱ्यांच्या मध्ये गवताचा पट्टा. शतकानुशतके बंड्या गेल्यामुळे पांदण आजूबाजूच्या वावरांपेक्षा हात-दोन हात खोल गेलेली असते. त्यामुळे उन्हाळ्यातही तिच्यात सावली राहते आणि वारा डोक्यावरून जातो. डाव्या चाकोरीत चाक ठेवावे की उजव्या, हा पांदणीतील सायकलस्वारापुढचा एकमेव तात्त्विक प्रश्न. मधल्या गवतावरून जाण्याचा मोह होतो; पण गवतात सराटा असतो आणि सराट्याला तत्त्वज्ञान कळत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही पांदण ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आपल्या राज्याच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या दप्तराची तरतूद आहे. गावकऱ्यांच्या रूढ हक्कांची, त्यांत वहिवाटीच्या रस्त्यांचीही, नोंद या दप्तरात असते. नाव फारसी, दप्तर हिंदीत, आणि रस्त्यावरून चालणारा बोलतो मराठी! अशी ही त्रिवेणी आपल्या सीमावर्ती मुलखातच पाहावयास मिळते. परंतु नोंद कागदावर असली तरी नांगराला वाचता येत नाही. दर वर्षी धुरा एक-एक तास सरकतो. एका ठिकाणी पांदण मध्येच नाहीशी झालेली पाहून मी शेजारच्या शेतकऱ्यास विचारले. तो अत्यंत सौजन्याने म्हणाला, "रस्ता आहेच ना जी सर, फक्त नांगरला आहे."

फिरण्याच्या तंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. तरुण सभासदांपैकी कोणाला इच्छा झालीच तर उपयोगी पडावे, म्हणून सांगतो. सायकल साधी असावी. अठ्ठावीस इंची चाकांची, दांडीची, चेनवर पूर्ण झाकण असलेली. वजन वीस किलोच्या आसपास असते, पण सपाटीवर वजनाचा त्रास फारसा होत नाही; त्रास होतो तो वाऱ्याचा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम आळशी माणसाच्या पक्षाचा आहे. ताशी दहा-बारा किलोमीटरने चालणाऱ्याला वारा सहसा अडवीत नाही, आणि अडविलेच तर उतरून चालण्यात कमीपणा नाही. सकाळी निघताना वारा अंगावर घ्यावा आणि दहानंतर तो वाढला की पाठीवर घेऊन परतावे. मी पुष्कळदा याच्या उलट केले आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

बरोबर पंप, दोन पाने, सोल्यूशनची नळी, जुन्या ट्यूबचे तुकडे आणि कानशीचा तुकडा असावा. बाभळीच्या काट्याने पंक्चर झाले तर ट्यूब काढून संत्र्याच्या बागेतील टाक्यात बुडवावी. बुडबुडे जेथून निघतील तेथे खूण करावी, जागा कोरडी करून घासावी, सोल्यूशन लावून ते सुकू द्यावे आणि मगच ठिगळ दाबावे. सुकू देण्याइतका धीर आपल्याला नसतो, म्हणून घरी केलेली पंक्चरे टिकत नाहीत. आणि टायर चढविण्यापूर्वी आतून बोट फिरवून काटा काढलाच पाहिजे. हे विसरल्यामुळे मोहगावच्या अलीकडे एकाच काट्याने माझी ट्यूब दोनदा फाडली आहे. पहिल्या वेळी मी काट्याला दोष दिला. दुसऱ्या वेळी दोष देण्यास दुसरे कोणी उरले नाही.

पावसाळ्यात काळ्या मातीत जाऊ नये. ही माती टायरला चिकटते, टायरवरून मडगार्डात शिरते, आणि शंभर पावलांत चाक फिरावयाचे थांबते. मग पऱ्हाटीची काडी घेऊन ती खरवडीत बसावे लागते. पुढे शंभर पावले, पुन्हा काडी. शेवटी सायकल खांद्यावर येते, आणि कोण कोणाचे वाहन आहे असा प्रश्न बांधावरची पोरे विचारू लागतात.

खरा काळ दिवाळीपासून होळीपर्यंतचा. कार्तिकात कापसाची वेचणी चालू असते. डिसेंबर-जानेवारीत आंब्या बहारासाठी बागांचे पाणी तोडलेले असते. त्याला ताण देणे म्हणतात. झाडे मलूल दिसतात, पाने गळू लागतात, आणि अनभिज्ञ माणसाला वाटते की बाग गेली. मग पाणी सुटते, आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत सारी बाग पांढऱ्या फुलांनी भरून येते. कोणत्या बागेला पाणी आधी सुटले आणि कोणत्या बागेला नंतर, हे त्या दिवसांत पांदणीतून सायकलीने जाणाऱ्याला डोळे मिटून सांगता येईल, असा तो वास असतो. मोटारसायकलीवर हा वास येत नाही असे नाही. येतो आणि निघून जातो. सायकलीवर आपण काही वेळ त्याच्या आत असतो. मार्चमध्ये पळस फुलतो, घाटाच्या बाजूला मोहाची फुले गळू लागतात, आणि त्यानंतर मात्र सायकल पडवीत ठेवावी हे शहाणपणाचे.

जगातही या छंदाचा इतिहास लहान नाही. आजच्या रूपाची, दोन सारख्या चाकांची सायकल इंग्लंडात १८८५ साली आली आणि डनलॉपचे हवेचे टायर १८८८ साली. परंतु सायकलीवरून हिंडणाऱ्यांची संस्था तेथे त्याआधीच, १८७८ साली, निघाली होती. मोठ्या चाकाच्या त्या विचित्र सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेला थॉमस स्टीव्हन्स १८८६ साली हिंदुस्थानातून गेला. मुंबईहून १९२३ साली काही पारशी तरुण सायकलीने जगप्रवासास निघाले आणि त्यांपैकी तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. बंगालचे बिमल मुखर्जी १९२६ ते १९३७ अशी अकरा वर्षे हिंडत होते. आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्यावयाचे तर आनंदवनाच्या बाबा आमट्यांनी १९८५ साली 'भारत जोडो' यात्रा काढली. तीत तरुण-तरुणी कन्याकुमारीहून सायकलींवर निघाले होते. ही सारी माणसे वंदनीय आहेत. परंतु त्यांचे ध्येय मोठे होते, आणि ध्येय मोठे असले की रस्ता लहान होतो. मला अधिक जवळचे वाटते ते क्यूरी दांपत्य. १८९५ साली विवाह झाल्यावर पिएर आणि मारी क्यूरी सायकली घेऊन फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून नुसते फिरावयास गेले. रेडियमचा शोध नंतर लागला.

इव्हान इलिच या विचारवंताने ऊर्जा आणि समता यांविषयी १९७० च्या दशकात एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे गणित असे की, सायकलीवरचा माणूस पायी चालणाऱ्यापेक्षा तिपटी-चौपटीने वेगाने जातो आणि तरी त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकीच शक्ती खर्च करतो. या गणिताकडे अर्थशास्त्राच्या आमच्या सहकाऱ्यांनी लक्ष द्यावे. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, आणि आपल्या राज्यात खेड्यांतील शाळकरी मुलामुलींना शासन सायकली देते. म्हणजे सायकली आहेत. मुलगी शाळेत पोहोचते, शाळा संपते, आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला लागते. अ‍ॅटलससारख्या नामांकित कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली, तोही नेमका ३ जूनच्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला.

मराठीच्या प्राध्यापकाने इतका वेळ वाङ्मयाचे नाव घेतले नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. आपले आद्य गद्यच फिरणाऱ्याचे गद्य आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आपल्या वरूड-मोर्शीकडच्या ऋद्धिपुरास 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यात चक्रधरस्वामी सतत चालत आहेत. या गावाहून त्या गावास, या देवळातून त्या देवळात. पुढे महानुभावांनी 'स्थानपोथी' रचली. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेस स्वामींचा वास झाला, याची ती नोंद आहे. दोन-दोन पावलांचे असे सावध वर्णन धावत्या माणसाला करता येत नाही. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घ्या, गो. नी. दांडेकरांची नर्मदा परिक्रमा घ्या. मराठीतील उत्तम प्रवास बहुतेक पायी झाले आहेत. सायकल ही पायांची धाकटी बहीण, एवढेच माझे म्हणणे.

लीळाचरित्राचे नाव निघाले, तेव्हा जे सांगण्यासाठी मी हा विषय घेतला तेथे येतो.

नागपूर विद्यापीठातून एम्. ए. होऊन मी १९९६ साली अध्यापनास लागलो. त्या वेळी या ग्रंथालयाचे जे ग्रंथपाल होते, त्यांना आपण सारे काका म्हणत असू. काकांचा नियम असा की, जो सभासद वार्धक्यामुळे येऊ शकत नाही त्याचे पुस्तक थांबू नये. दर रविवारी खेड्यांकडे जाणाऱ्या कोणाच्या ना कोणाच्या हाती ते पुस्तके देत. मला सायकलीवरून भटकण्याची खोड आहे हे कळताच त्यांनी पाच-सहा खेडी माझ्याकडे लावून दिली. नोंदवहीत ते 'हस्ते' असा शब्द लिहून पुढे माझे नाव घालीत. आपल्या ग्रंथालयाच्या जुन्या वह्यांत हा 'हस्ते' आपल्याला जागोजागी आढळेल.

त्या खेड्यांपैकी एका खेड्यात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहत. त्यांना मी गुरुजी म्हणत असे. घराणे महानुभाव उपदेशी. लहानपणी घरात लीळा ऐकलेल्या, पण ग्रंथ सबंध असा कधी वाचलेला नव्हता. १९९७ पासून सहा वर्षे मी त्यांच्याकडे जात असे. रविवारी पांदणीने निघावे, आठ-साडेआठला पोहोचावे, पडवीत बसावे. गुरुजी वाचलेले पुस्तक परत देत आणि त्यात कागदाची एक पट्टी असे. पट्टीवर छापण्याच्या चुका, पृष्ठ आणि ओळीसह. त्या त्यांनी कोणासाठी काढल्या हे मी कधी विचारले नाही. एकदा त्यांनी एका नामवंत प्रकाशनाच्या कादंबरीत एकशे चौदा चुका काढल्या आणि वर लिहिले, 'तरीही वाचनीय.' माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना हा शेरा मी अनेकदा वापरला आहे.

२००३ साली मी मोटारसायकल घेतली.

ज्या खेड्याला सायकलीने दीड तास लागे, तेथे आता डांबरी रस्त्याने वीस मिनिटांत जाता येणार होते. सायकलीने जावयाचे तर रविवार राखून ठेवावा लागे. मोटारसायकलने कोणत्याही दिवशी जाता येईल, म्हणून मी कोणत्याही दिवशी गेलो नाही. पुस्तकांची पाळी आठवड्यावरून महिन्यावर, महिन्यावरून तिमाहीवर गेली. जून २००४ मध्ये मी गुरुजींना 'लीळाचरित्रा'चा पूर्वार्ध नेऊन दिला. इंजिन बंद न करता दारातूनच दिला, हेही मला आठवते. काका त्याच सुमारास निवृत्त झाले. 'हस्ते' लिहिणारे कोणी राहिले नाही, आणि मलाही आठवण देणारे कोणी राहिले नाही. पुढच्या वर्षी गुरुजी गेले. मला ते चार महिन्यांनी, बाजारात, कोणाच्या तरी तोंडून कळले.

त्यानंतरची सोळा वर्षे मी या मुलखात राहिलो खरा, पण मला तो दिसला तो राष्ट्रीय महामार्गावरून. नागपूरला जाणे, छिंदवाड्याला जाणे. मधले सारे नुसते मागे पडणारे. याच काळात, २०१५ च्या अखेरीस, आपली नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी रुळ बदलण्यासाठी बंद झाली. त्या गाडीच्या गार्डाच्या डब्यात सायकल टाकून मी कैकदा भीमालगोंदीला गेलो होतो आणि घाट उतरून परत आलो होतो. मोठ्या रुळांची गाडी आली, ती आवश्यकच होती, तक्रार नाही.

टाळेबंदीनंतर, २०२० च्या हिवाळ्यात, डॉक्टरांनी माझ्या रक्तातील साखरेचा आकडा वाचून मला रोज तासभर चालण्यास सांगितले. चालण्याचा मला कंटाळा. पडवीतली सायकल काढली. टायर विरले होते, छर्रे गंजले होते, सीटचे चामडे उंदरांनी उपयोगात आणले होते. दुरुस्ती करणाऱ्याने तिच्याकडे पाहून, "सर, ही घेऊन नवी घ्या ना जी," असा प्रेमळ सल्ला दिला, पण चार दिवसांत तिला चालती केली. आणि जानेवारी २०२१ मधील एका रविवारी, मुद्दाम ठरविले नव्हते तरी, चाके त्या जुन्या पांदणीला लागली. निम्मी पांदण शिल्लक होती. उरलेली तुरीच्या वावरातून, धुऱ्याच्या कडेने, सायकल हातात धरून काढली.

घर तेच होते. गुरुजींच्या सूनबाई अंगणात कापूस वाळवीत होत्या. मला ओळखून त्या आत गेल्या आणि कापडात बांधलेले पुस्तक घेऊन आल्या. "मामाजी सांगून गेले होते, सर येतील, त्यांच्याजवळच द्या. कोणाच्या हाती पाठवू नका." पूर्वार्ध होता. आत कागदाची पट्टी होती. चुका केवळ चार. खाली वेगळ्या शाईने लिहिले होते, 'उत्तरार्ध आणावा. घाई नाही.'

श्रोतेहो, उत्तरार्ध त्या साऱ्या वर्षांत या इमारतीतल्या कपाटात होता. मी नंतर येऊन पाहिले. त्याच्या शेवटच्या पानावरील तारखांच्या चिठ्ठीत २००४ नंतर एकही शिक्का नव्हता.

पूर्वार्ध मी परत केला तेव्हा जुन्या दराने, दिवसाला दहा पैसे, विलंबशुल्क सहाशे रुपयांच्या आसपास झाले. सध्याच्या ग्रंथपालांनी ते माफ करावयाचे ठरविले. मी भरले आणि पावती घेतली. ती घरी आहे.

तेव्हापासून, प्रकृती आणि पाऊस यांच्या संमतीने, मी पुन्हा रविवारी निघतो. कधी मोहगावाकडे, सर्पा नदीच्या काठच्या अर्धनारीश्वराच्या देवळापर्यंत. कधी जाम नदीच्या बाजूने जामसांवळीकडे, जेथे पिंपळाखाली निजलेल्या हनुमंताच्या दर्शनाला शनिवार-मंगळवारी गर्दी उसळते आणि रविवारी पहाटे जरा निवांत मिळतो. कधी लोधीखेड्यापलीकडे, जेथे मध्य प्रदेश केव्हा संपला आणि महाराष्ट्र केव्हा सुरू झाला हे मोठ्या रस्त्यावरच्या फलकाला ठाऊक असते, पांदणीला नसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण येथे राहिलो. ज्या दोन भावांची वावरे या रेघेच्या अलीकडे-पलीकडे पडली, त्यांतल्या एकाचा सातबारा मराठीत निघतो आणि दुसऱ्याचा खसरा हिंदीत. धुऱ्यावर बसून दोघे भाकर एकत्र खातात आणि भांडतातही एकाच भाषेत. हे मी पाहिले आहे, तेही ताशी दहा किलोमीटरने जात होतो म्हणून.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आम्ही महाविद्यालयात पेढे वाटले. वर्गात मराठी घेतलेले विद्यार्थी मोजके असल्यामुळे पेढे उरले. मी निराशेने सांगत नाही. वर्गात येत नाहीत ती माणसे पडव्यांत आहेत, आणि वाचणारी आहेत. गेल्या काही वर्षांत या खेड्यांतून माझ्याकडे मागणी आलेली पुस्तके अशी: शिवणकामावरचे एक, संत्र्यावरील डिंक्या रोगाविषयी एक, नारायण धारपांच्या कादंबऱ्या 'असतील तेवढ्या', आणि एका आजीसाठी मोठ्या अक्षरांतील हरिपाठ. यांतले डिंक्यावरचे पुस्तक आपल्याकडे नाही. कार्यकारिणीने त्याची नोंद घ्यावी.

शताब्दीच्या निधीतून काय करावे यावर बरीच चर्चा चालू आहे असे ऐकतो. संगणक घ्यावेत, इमारतीला रंग द्यावा. दोन्ही योग्यच आहेत. माझी मागणी लहान आहे. जुन्या वह्यांतून ज्या खेड्यांत आपले सभासद होते त्यांची यादी करावी; 'हस्ते' हा रकाना पुन्हा सुरू करावा; आणि दोन साध्या सायकली ग्रंथालयाच्या नावावर घ्याव्यात, ज्या कोणाही सभासदाला रविवारी नेता येतील, अट एवढीच की कॅरियरवर निदान एक पुस्तक असावे. मोटारसायकलने हे काम लवकर होईल, असे कोणी म्हणेल. मोटारसायकलने ते कसे होते, हे मी आपल्याला आत्ताच सांगितले.

गुरुजींच्या सूनबाई त्याच वर्षी ग्रंथालयाच्या सभासद झाल्या. पुस्तक देताना त्यांनी विचारले होते, "याच्या पुढचा भाग असते काय जी?" शिक्षण हिंदी शाळेत झालेले, तेराव्या शतकातील मराठी वाचताना पुष्कळदा अडतात, पण लीळा ऐकून ठाऊक असल्यामुळे वाट काढतात. अडलेले शब्द कागदाच्या पट्टीवर लिहून ठेवतात. उत्तरार्ध सध्या दुसऱ्यांदा त्यांच्याकडे गेला आहे. त्याची मुदत येत्या रविवारी संपते. सकाळी सहा वाजता ग्रंथालयाच्या दारातून निघू. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी टायरमधील हवा आदल्या दिवशी पाहून घ्यावी. पंप माझ्याजवळ आहे.